इरकल लुगडे आणि कशिदा : बेळगाव सीमाभागातील वस्त्रकला व स्त्रीप्रतिमा

इरकल लुगडे : सुती अंग, रेशमी काठ आणि लाल-पांढरा रेशमी पदर असलेले हातमागाचे वस्त्र. बागलकोट जिल्ह्यातील (१९९७ पर्यंत विजापूर जिल्हा) इळकल हे त्याचे मूळ गाव. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील मराठी बायका ते नेसत आल्या आणि त्यांच्या कानडी शेजारणीही. भाषेवरून भांडणाऱ्या या मुलखात लुगड्याच्या गाठोड्यावर मात्र कुणी हद्द आखली नाही. जोडीला गुळेदगुड्ड गावचा खण (चोळीचे कापड) आणि धारवाडकडचा कशिदा आला की पेहराव पुरा होतो. बाई सवाष्ण आहे की विधवा, पहिलटकरीण आहे का, सणाला निघाली की शेताला, हे या पेहरावावरून न विचारता कळत असे. त्यातले बरेचसे मागावर आणि रूढीने ठरे. कशिदा तेवढा बाईच्या स्वतःच्या मनाचा आणि हाताचा.

विणकाम

इरकल खड्डामागावर विणतात. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायाने पावड्या दाबतो. ताणा (उभे दोरे) तीन तऱ्हेचा असतो : अंगाचा सुती, काठाचा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा, आणि पदराचा काठाच्याच जातीचा व रंगाचा. नऊवारीची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर, सहावारीची साडेपाच. काठ साधारण ४ ते ६ इंच, पदर १६ ते २७ इंच. काठाच्या नक्षीवरून चिक्की, गोमी, परासपेठ, गाडी असे प्रकार पडतात. पदरावर लालाचे तीन व पांढऱ्याचे दोन भाग येतात आणि त्यांच्या कडांना फणीचे दात, किल्ल्याचा तट, जोंधळ्याचे कणीस किंवा डोंगररांग निघते.

पदराचा ताणा वेगळा असणे ही या वस्त्राची खरी खूण. अंगाच्या दोऱ्यांचे आणि पदराच्या दोऱ्यांचे फास एकमेकांत अडकवून सांधा करतात. कानडीत याला तोप तेनी म्हणतात, मराठीत टोपपदर. काम सगळे बोटांचे. एखादा फास सुटला तर त्या जागेपासून अंगभर उभी विरळ रेघ पडते. फास कमीजास्त ओढले गेले तर पदराच्या तोंडाशी कापड फुगते आणि ती फूग इस्त्रीने जात नाही. शिवाय सांधा दर साडीला नव्याने घालावा लागतो. लांबच लांब ताणा चढवून एकामागून एक साड्या कापून काढण्याची सोय इथे नाही.

काठ आणि अंग यांचे रंग स्वच्छ वेगळे ठेवायचे असतील तर बाण्याला (आडव्या दोऱ्याला) तीन धोटे, म्हणजे तो दोरा वाहून नेणाऱ्या नळ्या, लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. दर फेरीला काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवून माघारी फिरवतात. या रीतीला कोंडी म्हणतात. कोंडी गाळली की अंगाचा बाणा काठातून आरपार जातो आणि लाल काठ मळकट दिसू लागतो. वेळ वाचवण्यासाठी आधी हीच पायरी गाळली जाते, म्हणून गिऱ्हाइकाने नजर प्रथम काठावर टाकावी.

सूत आणि रेशीम सारखे ताणले जात नाहीत, हा आणखी एक घोर. पावसाळ्यात खळ दिलेला सुती ताणा ओल धरतो, काठाच्या रेशमाशी त्याचा ताण जुळत नाही, आणि विणकराने तो वेळच्या वेळी सारखा केला नाही तर काठाला चुण्या पडतात. पहिल्या धुण्यात त्या वाढतात. जोराच्या पावसात खड्ड्यातच पाणी येते. मग माग बंदच ठेवावा लागतो.

कांड्या (सुताच्या नळ्या) भरणे, ताणा तयार करणे, सांध्याला हातभार लावणे ही कामे बहुतेक घरातल्या बायकांकडे असतात. विणकर म्हणून नाव लागते ते मागावर बसणाऱ्याचे.

बेळगावला लागून असलेले शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होते. शहापूर, वडगाव, खासबाग ही शहराची जुनी विणकर वस्ती. शहापुरी लुगड्यांना कोल्हापूर-सांगलीकडे गिऱ्हाईक असे. आता तिथे खटखट ऐकू येते ती बहुतांशी यंत्रमागांची.

खण

खण गुळेदगुड्डला विणला जातो, पण मराठी बाजारात तो धारवाडी म्हणूनच खपला. पारंपरिक खणात ताणा रेशमी आणि बाणा सुती, त्यामुळे प्रकाश पडेल तशी त्याची झाक बदलते. पन्हा अरुंद, दोन्ही कडांना काठ आणि मध्ये बारीक नक्षी. चोळी बेतताना काठ बाहीच्या टोकाला आणि खालच्या पट्टीला येईल असा तुकडा फिरवावा लागतो. नवखा शिंपी कापड वाचवायला बाही सरळ कापतो आणि काठ काखेत जातो.

रंग आणि अवस्था

डाळिंबी लाल, मोरपंखी, पोपटी आणि गिरीकुमकुम हे इरकलचे जुने रंग. लाल आणि हिरवा सवाष्णीचे. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत गुपचूप चोरचोळी देतात, पुढे दोहाळेजेवणाला हिरवे लुगडे आणि हिरवा चुडा. कानडी घरांत याच सुमारास कुबसाचा विधी होतो आणि त्यातही मान चोळीचा व हिरव्या साडीचा. एरवी काळा रंग मंगलकार्यात चालत नाही. पण लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला लाल काठाची काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने हवेतच.

या रंगभाषेची दुसरी बाजू कठोर आहे. ब्राह्मण विधवेला आलवण (तांबडे लुगडे), इतर अनेक जातींत पांढरे किंवा फिके लुगडे. हिरवा चुडा आणि कुंकू सर्वांचेच जाई. सौंदत्तीच्या यल्लमा-रेणुकेच्या वर्षचक्रातही हे दिसते. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवी विधवा मानतात व बांगड्या उतरवतात. माघातल्या अहेव पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते आणि तिची ओटी खणा-लुगड्याने भरली जाते. देवीला चुडा परत मिळतो, माणसातल्या विधवेला मिळत नाही, हे या यात्रेला पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या बायकांच्या ध्यानात आले नसेल असे मानणे कठीण. सीमेपलीकडच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे या गोष्टी त्यात नावानिशी आल्या.

पांढऱ्याला निराळा मान मिळाला तो खादीमुळे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते एवढे एकच. जिल्ह्यातील हुदली हे काँग्रेसचे पुढारी गंगाधरराव देशपांडे यांचे गाव खादीचे केंद्र बनले आणि १९३७ मध्ये गांधीजी तिथे येऊन राहिले. पांढरी खादी नेसलेली सवाष्ण तोवर या भागाने क्वचितच पाहिली असेल.

नेसण

मराठा कुणबी बाई इरकल सकच्छ नेसते. निऱ्यांचा मधला भाग पायांमधून मागे घेऊन कंबरेला खोचला की काष्टा होतो. दोन्ही पाय सुटे राहतात आणि लुगडे पोटरीवर चढवता येते. खानापूरच्या भातलावणीत किंवा निपाणीच्या तंबाखूच्या रानात हाच उपयोग. काष्टा सुटतो तो बहुधा दोन कारणांनी : कंबरेची पहिली गाठ सैल असते, किंवा निऱ्या कमी घेतल्यामुळे मागे खोचायला कापड अपुरे पडते. लिंगायत आणि इतर अनेक कानडी घरांत तेच वस्त्र विकच्छ, गोल नेसतात. दोन्हींकडे पदर डोक्यावरून घेतला की टोपपदराचे लाल-पांढरे पट्टे चेहऱ्याभोवती किंवा पाठीवर येतात. विणकराने सर्वांत जास्त श्रम केले ते तिथेच.

काष्ट्याच्या नेसणीला वीरश्रीची जोड दिली ती पुतळ्यांनी. १८२४ मध्ये इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे अश्वारूढ शिल्प बेळगावच्या चौकात आहे, तसेच शिल्प ११ सप्टेंबर २००७ रोजी संसदेच्या आवारात बसवले गेले. घोडा, उगारलेली तलवार आणि कासोटा या ठरलेल्या रूपात ती ओळखली जाते. कष्टकरी बाईने सोयीसाठी घातलेला काष्टा इथे शौर्याची खूण झाला, शेतातल्या बाईकडे मात्र त्या नजरेने कुणी पाहिले नाही.

कशिदा

कानडीत कसूती. कापडावर आधी काहीही न रेखता, ताण्या-बाण्याचे दोरे मोजून घातलेले भरतकाम. टाके चार. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा : जाताना एक टाका वर, एक खाली, येताना राहिलेल्या जागा भरायच्या, की रेष दोन्ही बाजूंनी सारखी आणि सलग दिसते. मुर्गी तीच, पण पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चढणारी. नेयगे म्हणजे विणल्यासारखा भासणारा साधा धावदोरा, यात उलटी बाजू वेगळी दिसते. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मोठे आकार भरण्यासाठी. त्याला दोरा सर्वांत जास्त लागतो आणि मागची बाजू जाड होते.

दोऱ्याला गाठ मारायची नाही. सुरुवातीचे टोक बोटभर मोकळे सोडून पुढच्या टाक्यांखाली दाबायचे, शेवटचेही तसेच. लडीतले एक-दोन पदर पुरतात. चार दोरे वर, चार खाली असे माप धरले तर ते आकृती संपेपर्यंत बदलता येत नाही. एक दोरा चुकला तरी लगेच कळत नाही. गोपुराचा कळस मिटायच्या वेळी दोन रेषा समोरासमोर येत नाहीत आणि तिथवरचे सगळे उसवावे लागते. गवंतीत वाट आधी मनात ठरवावी लागते. फांदी आली की तिच्या टोकापर्यंत जाऊन भरत भरत मूळ रेषेवर यायचे, मग पुढे निघायचे. फांदी विसरली तर परतीच्या वाटेवर ती घेता येते, दोन्ही वाटा संपल्यावर नाही. दोरा ओढून धरला की कापड आवळते. सैल सोडला तर टाका बांगडीत अडकतो.

इरकलच्या सुती अंगावर दोरे मोजायला सोपे जातात. काळ्या चंद्रकळेवर मात्र दिवसाच, दाराशी बसून काम होते. गुळगुळीत रेशमावर दोरे दिसत नाहीत, तेव्हा वर जाळीचे कापड टाचून त्यावर टाके घालतात आणि शेवटी जाळीचे दोरे एकेक उपसून काढतात. कापडाच्या ताण्या-बाण्याची दाटी सारखी नसेल तर चौकोनी वृंदावन उभट होते, हे आधी कोपऱ्यात एक फुली घालून तपासावे.

मोठ्या आकृती पदराजवळ आणि वर जावे तशा लहान, अशी मांडणी. गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, पोपट, कमळ, शंख, पाळणा. देवळाच्या उत्सवात आणि अंगणात बाईने जे पाहिले ते सारे यात आहे. माणसे थोडी, आणि बाई तर त्याहून थोडी. लुगडे तिची अवस्था जगाला सांगते. तिने स्वतः सुई घेतली तेव्हा तिने स्वतःला नव्हे, पाहिलेल्या जगाला चितारले. नवऱ्या मुलीच्या रुखवतात कशिद्याची चंद्रकळा आणि बाळासाठी कुंची असे. तिचा हात किती सफाईदार हे सासरच्या बायका कापड उलटून पाहत.

आजची फॅशन

अलीकडे खणाचीच साडी निघाली. मूळ खण चोळीचा, पन्हा अरुंद. साडीसाठी तो रुंद करून मुख्यतः यंत्रमागावर, बऱ्याचदा पॉलिस्टरमध्ये विणतात. नऊवारीही शिवून मिळते : निऱ्या टाचलेल्या, काष्टा शिवलेला, कंबरेला नाडी. पाच मिनिटांत घालून होते, पण माप एकीचेच बसते आणि बसताना मांडीजवळची शिवण आधी उसवते. आईचे लुगडे लेकीला आपसूक व्हायचे, ते इथे थांबले.

जाहिरातींतल्या छायाचित्रांत इरकल नेसलेली मुलगी सारवलेल्या भिंतीपाशी, कमरेवर कळशी घेऊन उभी असते. शेतमजूर बायका कधीच धुवायला हलक्या, स्वस्त कृत्रिम धाग्याच्या साड्यांकडे वळल्या. ज्यांनी टाकले त्यांची प्रतिमा वापरून ते परवडणाऱ्यांना विकले जाते, असा हा व्यवहार आहे. त्यातून काही हातमाग चालू राहतात हेही खरे.

अस्सल टोपपदर ओळखायला पदराच्या टोकाचे मोकळे दोरे पाहावेत. ते अंगाच्या रंगाचे असतील तर ताणा एकच आहे, म्हणजे सांधा नाही. सांध्याची आडवी ओळ बोटाला किंचित जाणवते. काठाचा एक दोरा जाळून पाहिला तर रेशमाला केस जळल्याचा वास येतो, कृत्रिम रेशीम कागदासारखे भुरकन जळते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

नवे इरकल पहिल्यांदा एकटेच, थंड पाण्यात थोडे मीठ घालून धुवावे. भिजत ठेवू नये आणि ओले घडी करून तर मुळीच ठेवू नये. लाल रंग पदराच्या पांढऱ्यात उतरला की निघत नाही. कशिद्यावर इस्त्री उलट बाजूने, खाली मऊ पंचा घालून करावी. घडी दर काही महिन्यांनी बदलावी, कारण रेशमी काठ विरतो तो घडीच्या रेषेवर.