शिबिरातली लेन्स पाच वर्षांत बदलावी लागते?

मोतीबिंदूच्या मोफत शिबिरात ऑपरेशन करून डोळ्यात ‘हलकी’ लेन्स बसवतात, ती पाच वर्षांत खराब होते, असं गावोगाव ऐकू येतं. हे खोटं आहे. 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ऑरोलॅब हा कारखाना काढून लेन्स इथेच बनवायला घेतली, म्हणून ती स्वस्त झाली. आयुष्यभर टिकते.

ती पीएमएमए प्लॅस्टिकची, कडक असते. दुमडत नाही, त्यामुळे छेद 6 मिलिमीटरच्या आसपास लागतो. पण तो बोगद्यासारखा तिरका घेतल्याने सहसा टाका पडत नाही. दुमडणारी महाग लेन्स 3 मिलिमीटरहून लहान छेदातून जाते, त्यामुळे चष्म्याचा तिरका (सिलिंडर) नंबर कमी राहतो. हा फरक खरा आहे.

मग दोन-तीन वर्षांनी धूसर का दिसतं? लेन्समागची नैसर्गिक पिशवी गढुळते. याग लेसरने काही मिनिटांत वाट मोकळी होते, लेन्स तीच राहते.

विचारायचंच तर दुसरं विचारा. लेन्सचा नंबर डोळा मोजून काढला, की सरसकट एकच? डोळ्याची लांबी मोजताना 1 मिलिमीटरने चुकली तर नंबर अडीच-तीनने हुकतो! आणि ऑपरेशनआधी 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक डोळ्यात सोडून 3 मिनिटं थांबतात ना? जंतुसंसर्ग टाळायचा तर ही पायरी गाळून चालत नाही.