टेक्स्ट इन्स्टॉलर आणि ग्राफिकल इन्स्टॉलर: फरक नेमका कुठे?

सोलापुरात कुणालाही जुन्या पीसीवर लिनक्स टाकायला बसवलं की पहिल्याच मेनूपाशी हात थांबतो. "सर, टेक्स्टवालं घेतलं तर नुसती काळी स्क्रीन येईल ना?" नाही येणार. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता लिहूनच ठेवतो.

एकात टॅब, बाण आणि एंटर, दुसऱ्यात माउस. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

घोटाळा होतो तो पुढे. इन्स्टॉलर दिसतो कसा आणि तो बसवतो काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेबियन या लिनक्सच्या मेनूत 'ग्राफिकल इन्स्टॉल' आणि 'इन्स्टॉल' अशा दोन ओळी असतात. दोन्हींमागे प्रोग्राम एकच. प्रश्न तेच, पार्टिशन म्हणजे डिस्कचे भाग पाडणारा कोडही तोच. टेक्स्टमधून गेलात आणि सॉफ्टवेअर निवडताना डेस्कटॉपसमोरची खूण ठेवलीत, की डेस्कटॉप येतो. ती खूण काढलीत तर माउसने सगळं करूनही शेवटी काळी स्क्रीनच. विंडोज एक्सपी आठवा. निळ्या पडद्यावर एफ८ दाबून करार मान्य करायचा, सी दाबून पार्टिशन पाडायचं, माउस यायचा तो रीस्टार्टनंतर. त्यामुळे एक्सपीला कुणी 'टेक्स्ट विंडोज' म्हटलं नाही.

उलट डेबियनच्याच लाइव्ह आयएसओतला, म्हणजे न बसवताच चालवून पाहता येणाऱ्या डेबियनमधला, कॅलामारेस हा इन्स्टॉलर ग्राफिकल असूनही कामाने निराळा आहे. तो एकेक पॅकेज बसवत नाही, लाइव्ह सिस्टीमची तयार प्रत डिस्कवर उलगडतो. फरक शोधायचा तर इथे शोधा.

बनवणाऱ्याचं कष्टाचं काम म्हणाल तर चित्रं काढणं हे त्यातलं सोपं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या १८व्या आवृत्तीत त्याचा इन्स्टॉलर, ॲनाकोंडा, नव्याने लिहिला. एकापाठोपाठ एक पानं जाऊन एकच मुख्य पान आलं, कुठलाही भाग आधी भरा. म्हणजे एक निवड बदलली की बाकीच्या पुन्हा तपासणं आलं. नोव्हेंबर २०१२ ला ठरलेली आवृत्ती जानेवारी २०१३ ला निघाली.

दिसण्याचा खरा परिणाम होतो तो लिपीवर. लिनक्सच्या कन्सोलवर, म्हणजे टेक्स्ट इन्स्टॉलर चालतो त्या साध्या पडद्यावर, एका घरात एक आकृती, आणि फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकृत्या. 'डिस्क' लिहिताना ड आधी आणि पहिली वेलांटी नंतर साठते, पण दिसायला ती ड च्या आधी हवी. वर 'स्क' जोडायचाय. कन्सोलला हे जमत नाही. म्हणून डेबियन इन्स्टॉलरमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू या सोलापूरच्या तिन्ही भाषा फक्त ग्राफिकलमध्ये मिळतात.

मराठीतून बसवायचं असेल तर ग्राफिकलच घ्या. एरवी मी टेक्स्टच घेतो. अक्कलकोट रोडवरच्या एका शाळेत ग्राफिकल सुरू करताच जुन्या मॉनिटरवर 'आउट ऑफ रेंज' आलं, टेक्स्टने काम निमूट उरकलं. आणि मेनूत एस दाबल्यावर अंध माणसासाठी जो बोलणारा इन्स्टॉलर सुरू होतो, तोही टेक्स्टवरच चालतो. टेक्स्टला 'जुनाट' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.