लाकडी कयाकमधली भोकं

४ मिलिमीटर प्लायवूडच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने टाचल्या, सांधे इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या राळेने) भरले, वर फायबरग्लासचं कापड चढवलं की कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, झालीच असं वाटतं. पण जोखमीचं काम इथून पुढे सुरू होतं. दोऱ्या, झाकणं, पाय टेकायच्या पट्ट्या बसवायच्या म्हणजे इतक्या मेहनतीने बंद केलेल्या लाकडाला भोकं पाडायची.

प्लायवूड पाणी पितं ते मुख्यतः कडेने. झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. स्क्रूशेजारून शिरलेलं पाणी थराथरांत पसरतं आणि वार्निशखाली काळा डाग दिसतो तोवर आत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी १२ मिलिमीटरचं भोक पाडा. कडांना पातळ इपॉक्सी पाजा. मग खालून चिकटपट्टी लावा आणि सिलिका पावडर घालून पुट्टीइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. ते पुरतं कडक झालं, की बरोबर मधोमध ६ मिलिमीटरचं ड्रिल मारा. आता बोल्टभोवती ३ मिलिमीटरचं कडं राहतं आणि बोल्ट लाकडाला शिवतही नाही.

पाय टेकायच्या पट्ट्यांना आरपार भोक नकोच. बोल्टचं डोकं आतल्या बाजूला इपॉक्सीने चिकटवून त्यावर फायबरग्लासचा तुकडा बसवा. त्याआधी ती जागा पाण्याने घासून धुवा, वाळवा आणि मगच ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा. कडक होताना इपॉक्सीवर बरेचदा मेणचट थर येतो. तो न धुता पेपर मारला तर तिथेच फासला जातो आणि पायाचा जोर पडला की पट्टी निखळते.

फोमची बैठक चिकटवायची घाई अजिबात करू नका. कयाक २० किलोची, बसणारा ७० किलोचा. तो ३ सेंटिमीटर सरकला तरी सगळा तोल बदलतो. बैठक सुटीच ठेवून उथळ, शांत पाण्यात बसा आणि काठावरच्या माणसाला दोन्ही टोकं बघायला सांगा. पुढचं टोक दबून मागचं उचललं असेल, तर वारा मागच्या टोकाला ढकलतो आणि कयाक सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवते. बैठक थोडी मागे घ्या. उंची मात्र वाढवू नका; २ सेंटिमीटरनेही डुगडुग जाणवते.

हवाबंद कप्प्यांना एक भोक मुद्दाम ठेवावं लागतं. उन्हात आतली हवा ३० वरून ६० अंशांवर गेली, की दाब साधारण १० टक्क्यांनी वाढतो. ४० बाय २५ सेंटिमीटरच्या झाकणावर हा जोर जवळजवळ १०० किलो वजनाइतका होतो! झाकण तरी उचकटतं, नाहीतर पडदीचा (कप्पा बसायच्या जागेपासून वेगळा करणाऱ्या भिंतीचा) सांधा उलतो. तीच कयाक गार पाण्यात उतरवली की हवा आकसते आणि कप्पा फटीतून पाणी आत ओढतो. पडदीत वरच्या बाजूला १ मिलिमीटरचं भोक पुरतं. कयाक उलटली तरी त्यातून पाणी थेंबाथेंबानेच येईल. त्याच्याही कडा आधी इपॉक्सीने भरून घ्या.