सानुग्रह मदत आणि नुकसानभरपाई: हातात पडलेला चेक म्हणजे दावा मिटला असं नाही

९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. काही तासांतच राज्य सरकारनं मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. मोठा अपघात झाला की हे होतंच, आणि व्हायलाच हवं. पण जाहीर झाली ती सानुग्रह मदत. नुकसानभरपाई ही त्याहून निराळी गोष्ट. तिची घोषणा कुणी करत नाही, टीव्हीवर तिची पट्टी फिरत नाही. ती अर्ज करून, कागद लावून मागावी लागते आणि त्याला मुदत असते. "पैसे मिळाले, सही केली, विषय संपला" असं समजून कितीतरी घरं ती मुदत हातची घालवतात, म्हणून या दोन्हींतला फरक नीट कळायला हवा.

सानुग्रह मदत देणाऱ्याच्या इच्छेवर असते. मुख्यमंत्री, पंतप्रधान, रेल्वे, महापालिका, कुणीही ती देऊ शकतं, पण "आम्हाला का नाही दिली" म्हणून सहसा कोर्टात भांडता येत नाही. रेल्वेनं स्वतःसाठी दर ठरवून ठेवले आहेत. १८ सप्टेंबर २०२३ पासून गाड्यांची टक्कर, गाडी घसरणं अशा अपघातात मृत्यूला ५ लाख, गंभीर जखमीला अडीच लाख, किरकोळ जखमीला ५० हजार. दहशतवादी हल्ला, दरोडा अशा घटनांत हेच आकडे दीड लाख, ५० हजार आणि ५ हजार. यातले जास्तीत जास्त ५० हजार रोख आणि बाकीचे बँकेमार्फत मिळतात. गंभीर जखमी ३० दिवसांपेक्षा जास्त काळ दवाखान्यात राहिला तर पुढच्या दिवसांचे दररोज ठरावीक पैसे मिळतात. अपघाताच्या प्रकारात हा दर दिवसाला ३ हजार आहे. नातेवाइकांना ही तरतूद माहीतच नसते, त्यामुळे ते मागतही नाहीत. लोकलमधून एखादाच प्रवासी पडला, बातमी झाली नाही, तर मदत आपणहून दारी येईल असं मात्र धरून चालू नका.

नुकसानभरपाई हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४ मध्ये टक्कर आणि घसरण येते. कलम १२४अ मध्ये "अनटुवर्ड इन्सिडेंट", म्हणजे अनुचित घटना, येते. चालत्या गाडीतून अपघातानं पडणं त्यातच आहे, तसंच गाडीत किंवा स्टेशनच्या हद्दीत झालेला हल्ला, लूट, दंगल, जाळपोळही. इथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःला करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, आणि आजारपण एवढेच अपवाद आहेत. दारात उभं राहणं हा निष्काळजीपणा असेल, पण त्यामुळे भरपाई बुडत नाही. गाडीत चढता-उतरताना पडणंही यातच मोडतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या रीना देवी प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं आहे.

भरपाईची रक्कम नियमांतल्या तक्त्यात लिहिलेली आहे. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला ८ लाख. दोन्ही हात गमावले तरी ८ लाख. हात खांद्याच्या सांध्यातूनच कापावा लागला तर ७ लाख २० हजार, नुसता अंगठा गेला तर २ लाख ४० हजार. मधल्या पायऱ्या उरलेल्या हाताच्या लांबीवर ठरतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर फक्त "हात कापला" एवढंच लिहून घेऊन घरी येऊ नका. कुठून कापला, किती भाग उरला, हे डॉक्टरांकडून मापासह लिहून घ्या. जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्व प्रमाणपत्रही लागेल, आणि त्यातलं वर्णन डिस्चार्ज कार्डाशी जुळलं पाहिजे.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात चालतो. मुंबई आणि नागपूर इथे त्याची खंडपीठं आहेत. तिकीट जिथे काढलं, अपघात जिथे झाला, जिथे जायचं होतं किंवा दावेदार जिथे राहतो, यांपैकी कुठल्याही ठिकाणावरून खंडपीठ ठरतं. सोलापूरच्या माणसाचा अपघात उत्तर प्रदेशात झाला तरी त्याला तिकडे खेटे घालायची गरज नाही. मुदत अपघाताच्या तारखेपासून एक वर्ष. दवाखान्यातून सुटल्याच्या तारखेपासून ती मोजत नाहीत. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर बसू नये.

दावे अडकतात ते दोन जागी. पहिली जागा तिकिटाची. पडताना खिसा फाटतो, पाकीट जातं, फोन फुटतो. तिकीट सापडलं नाही म्हणजे माणूस फुकट्या होता असं ठरत नाही. रीना देवी निकालाप्रमाणे दावेदारानं प्रवासाची हकिकत शपथपत्रावर सांगायची, मग ती खोटी ठरवण्याचं ओझं रेल्वेवर जातं. तरी शपथपत्राला आधार हवा: पासाचा जुना फोटो, तिकीट अॅपमधली नोंद, पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज, रोज कोणत्या गाडीनं जायचा हे सांगणारा सहप्रवासी. सोडायला आलेल्याकडे प्लॅटफॉर्म तिकीट असेल, तर तोही कलम १२४अ पुरता प्रवासी धरला जातो.

दुसरी जागा जास्त घातक आहे, ती म्हणजे स्टेशन मास्तरचा मेमो. कुणी रुळाजवळ सापडलं की पहिला कागद हाच बनतो. त्यात वेळ, अप की डाउन मार्ग, किलोमीटर आणि खांब क्रमांक, आणि एक ओळ कारणाची असते. त्या ओळीत "रूळ ओलांडताना" असं पडलं की पुढचा पंचनामा, लोहमार्ग पोलिसांचा अहवाल, आरपीएफची (रेल्वे सुरक्षा दलाची) चौकशी सगळं त्याच वाटेनं जातं. रूळ ओलांडणाऱ्याला या कलमाखाली भरपाई नाही, आणि रेल्वेची सानुग्रह मदतही नाही. मेमो लिहिणाऱ्यानं घटना पाहिलेली असतेच असं नाही. म्हणून मेमोची आणि पंचनाम्याची प्रत आधी मिळवा, गरज पडली तर माहिती अधिकारात. मग त्यात पाहा: कोणत्या मोटरमननं धडक दिल्याचं कळवलं आहे का? नसेल तर धडक बसल्याचं कशावरून लिहिलं? जागा दोन स्टेशनांच्या मधली आहे का, आजूबाजूला वस्ती किंवा पायवाट आहे का? नेमक्या त्या वेळी त्या मार्गावरून कोणती लोकल गेली? जखमी शुद्धीवर असेल तर पोलिसांना दिलेला जबाब त्याला वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. गुंगीच्या औषधांच्या अमलाखाली दिलेला जबाब पुढे वर्षानुवर्षं आडवा येतो.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: मदत घेतली तर ती भरपाईतून कापतात का? रेल्वेच्या अपघातात नाही. रेल्वे बोर्डाच्या सूचनांप्रमाणे सानुग्रह मदत तातडीच्या खर्चासाठी असते आणि अंतिम भरपाई ठरवताना ती धरायची नसते. याच्याशी गल्लत होते ती कलम १२६ च्या अंतरिम मदतीची. ती भरपाईचाच आगाऊ हप्ता असते, त्यामुळे नंतर वळती होते. ई-तिकीट काढताना काही पैशांत घेतलेला प्रवासविमा ही तिसरी गोष्ट, तोही स्वतंत्र मिळतो. फक्त विम्याच्या कंपनीकडून आलेल्या लिंकवर वारसाचं नाव भरून ठेवा.

रस्त्यावर हिशेब उलटा आहे. धडक देऊन वाहन पळून गेलं तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूला २ लाख, गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. लोक याला सरकारी मदत म्हणतात, पण ती मोटार वाहन कायद्यातली भरपाई आहे. पुढे वाहन सापडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडून पैसे मिळाले, तर ही रक्कम परत करावी लागते. शिवाय त्या न्यायाधिकरणात जाण्याची मुदत आता सहा महिन्यांची आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी शहाण्यानं सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकावा.

अपघात खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे झाला असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश कामाला येतो. मृत्यूला ६ लाख, जखमीला इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे ठरवते, आणि दावा आल्यावर सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे आहेत. ही मेहेरबानी नाही, त्यामुळे वॉर्ड ऑफिसमध्ये "साहेबांना विनंती" अशा सुरात अर्ज लिहू नका. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, शेजारी ओळखू येईल असं दुकान किंवा विजेचा खांब दिसू द्या. दुसऱ्या दिवशी तिथे खडी पडलेली असते.

सहीबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. रेल्वेची किंवा सरकारची पावती फक्त रक्कम पोहोचल्याची असते. मॉल, खासगी दवाखाना, बांधकामाचा कंत्राटदार यांनी पुढे केलेल्या कागदावर मात्र "पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढे कोणताही दावा नाही" अशी ओळ बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असते. त्या कागदावर सही करू नका. पैशांची नड असेल तर वेगळ्या कागदावर "उपचाराच्या खर्चापोटी, माझे सर्व हक्क राखून" एवढं लिहून रक्कम घ्या, आणि दोघांच्या सह्या झालेल्या त्या कागदाचा फोटो तिथेच उभं राहून काढा.