स्टड सुटला तर गुडघा वाचतो

फुटबॉलपटू गुडघा धरून कोसळतो आणि त्याच्या आसपास कुणीच नसतं. टॅकल नाही, धक्का नाही. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून तिरकं बांधून ठेवणारा एसीएल नावाचा अस्थिबंध बहुतेक वेळा असाच, गुडघ्याला कुणाचा धक्का न लागता तुटतो. दिशा बदलायची म्हणून धावता धावता पाऊल रोवलं जातं. गुडघा त्या क्षणी जवळजवळ सरळ असतो, सगळा भार त्या एका पायावर येतो, धड वळू लागतं. पाऊल मात्र मातीत रुतून बसलेलं. अशा दुखापतींच्या चित्रफिती बारकाईनं तपासणाऱ्यांच्या अंदाजानुसार पाऊल टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत सगळं उरकलेलं असतं. धोका ओळखून स्नायू आवळायला शरीराला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे सावरणं खेळाडूच्या हातात उरतच नाही. स्नायूंची ताकद, उडी मारून उतरण्याची पद्धत, सराव या गोष्टींचा वाटा मोठा आहेच. पण रोवलेलं पाऊल सुटणार की नाही, हे बुटाचा तळ आणि जमीन मिळून ठरवतात.

बुटाची पकड आपण एकच धरून चालतो, पण ती दोन प्रकारची असते. एक सरळ रेषेतली, म्हणजे वेग घेताना किंवा थांबताना पाय घसरू न देणारी. खेळाडू पैसे मोजतो ते हिच्यासाठी. दुसरी पिळाची, म्हणजे रोवलेलं पाऊल जागच्या जागी फिरू न देणारी. हिचा खेळात उपयोग थोडा आणि उपद्रव मोठा. स्टड म्हणजे बुटाच्या तळाला लावलेले खुंट. नेहमीच्या स्टडमध्ये दोन्ही बरोबरीनं वाढतात, कारण मातीत घुसलेला खुंट दोन्ही हालचालींच्या आड येतो. बूट घडवणाऱ्याचं खरं कसब या दोघींची फारकत करण्यात आहे.

ती करता येते, आणि त्यामागचं गणित शाळेतलंच आहे. पीळ म्हणजे बल गुणिले अंतर. चवड्याखालच्या ज्या बिंदूभोवती पाऊल फिरतं, त्यापासून स्टड जितका लांब, तितका तो फिरण्याला जास्त अडवतो. सरळ घसरण्याला अडवताना मात्र तो मध्यभागी आहे की कडेला, यानं फारसा फरक पडत नाही. म्हणून कडेचे स्टड आत सरकवले किंवा आखूड केले, तर सरळ पकड फारशी न गमावता पीळ उतरतो. पात्यासारखे चपटे स्टड खेळाडूंमध्ये बरेच बदनाम आहेत, पण त्यांच्याबद्दलचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. मला तरी स्टडच्या आकारापेक्षा त्याची जागा आणि लांबी जास्त भरवशाची वाटते.

याचा पुरावा जुना आहे. फिलाडेल्फियातले अस्थिशल्यविशारद जोसेफ टॉर्ग आणि त्यांचे सहकारी क्वेडेनफेल्ड यांनी १९७१ मध्ये शालेय अमेरिकन फुटबॉलचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हाच्या बुटाला सात स्टड असत, प्रत्येक पाऊण इंचाचा. त्याऐवजी मुलांना सॉकरच्या धर्तीचे, चौदा आखूड स्टडचे बूट दिले, प्रत्येक स्टड तीन अष्टमांश इंचाचा. गुडघ्याच्या दुखापती घटल्या आणि ज्या झाल्या त्यांची तीव्रताही कमी होती. बेरीज करून पाहा, दोन्ही बुटांत स्टडची एकूण लांबी तितकीच भरते! फक्त ती जास्त ठिकाणी वाटली गेली आणि मातीत कमी खोल गेली.

१९९६ मध्ये लॅम्बसन, बार्न्स आणि हिगिन्स यांनी तीन हजारांहून जास्त शालेय खेळाडूंच्या तीन वर्षांच्या नोंदी मांडल्या. बुटांच्या तळाचे चार प्रकार होते. ज्याच्या कडेनं लांब, ओबडधोबड स्टड आणि आतल्या बाजूला बारीक टोकदार स्टड होते, त्याची पिळाची पकड सर्वांत जास्त निघाली. तो घालणाऱ्यांत एसीएल फाटण्याचं प्रमाण बाकी तिन्ही प्रकारांच्या एकत्रित प्रमाणाच्या ३.४ पट होतं. त्या चारांतला एक प्रकार मला फार आवडतो: चवड्याखाली सुमारे १० सेंटिमीटरचं गोल कडं आणि मधोमध एकच स्टड. कडं पायाला सरकू देत नाही, पण गोल असल्यामुळे फिरू देतं. वरचं गणित कुणीतरी थेट तळव्यात उतरवलंय.

पण बूट ही अर्धीच गोष्ट. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्नच्या पावसात पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंच्या बुटांना आदिदासचे संस्थापक आडी डासलर यांचे स्क्रूनं बसणारे लांब स्टड होते. चिखलात ते योग्यच, कारण ओली माती स्वतःच सुटते. तेच स्टड कोरड्या, घट्ट हिरवळीत पाय जखडून ठेवतील. ऑस्ट्रेलियात क्रीडावैद्य जॉन ऑर्चर्ड यांनी तिथल्या फुटबॉलच्या नोंदींवरून दाखवलं की गवताच्या जातीनंही फरक पडतो. बर्म्युडा गवत, म्हणजेच हरळी, जमिनीलगत दाट जाळं विणते आणि स्टडला धरून ठेवते. राय गवताचं जाळं विरळ, आणि त्यावर एसीएलच्या दुखापती कमी. जोर फार झाला की खऱ्या मैदानातलं गवताचं ढेकूळ मुळासकट उखडतं. तो गुडघ्याचा फ्यूज. कृत्रिम मैदान उखडत नाही.

म्हणून फिफा कृत्रिम मैदानांची पिळाची चाचणी घेते. सहा स्टड लावलेल्या चकतीवर सुमारे ४६ किलोचा भार ठेवायचा आणि ती फिरवायला किती पीळ लागतो ते मोजायचं. वरच्या दर्जासाठी हा आकडा ३० ते ४५ न्यूटन-मीटरच्या (पीळ मोजण्याचं एकक) दरम्यान हवा. खालचीही मर्यादा आहे, कारण घसरून पडणं हीसुद्धा दुखापतच.

ठरावीक पीळ ओलांडला की आपोआप सुटणारा स्टड बनवला तर? कल्पना मोहक आहे. पण स्कीइंगचा अनुभव सावध करतो. बूट स्कीला जखडणाऱ्या, पण जोर वाढला की सुटणाऱ्या बाइंडिंगमुळे तिथे नडगीचं हाड मोडण्याचं प्रमाण खूप उतरलं, एसीएलचं मात्र तसं उतरलं नाही. हाड वाचवण्यासाठी बसवलेली मर्यादा अस्थिबंधालाही वाचवेलच असं नाही. शिवाय फार लवकर सुटणारा बूट कुठला खेळाडू घालेल?

स्त्रियांच्या बाबतीत गोष्ट आणखी अडते. सारख्याच खेळात त्यांना एसीएलच्या दुखापतीचा धोका पुरुषांच्या दोन-तीन पट आहे. त्याची कारणं अनेक आहेत आणि त्यांतली बरीचशी बुटाबाहेरची. तरीही कितीतरी वर्षं त्यांना मिळालं ते पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बेतलेलं लहान मापाचं बूट. त्यांची टाच पायाच्या मानानं अरुंद, वजन सहसा कमी. भार कमी असेल तर स्टड जमिनीत वेगळ्या खोलीपर्यंत जातो आणि पिळाचा हिशेबच बदलतो.

खेळाडूनं करण्यासारखी सोपी गोष्ट एकच: कृत्रिम मैदानावर त्याच्यासाठी बनवलेले, जास्त आणि आखूड स्टडचे बूट घालायचे; नैसर्गिक हिरवळीचे तिथे नेऊ नयेत. याहून जास्त निवड करायला त्याच्याकडे माहितीच नसते. बुटाच्या खोक्यावर माप असतं, मैदानाचा प्रकार असतो, क्वचित वजनही असतं. तळ किती न्यूटन-मीटरला सुटतो, हा आकडा नसतो.