पाणी शिवणीतून येतं: टूरिंग सायकलच्या पिशव्यांची पार्श्वभूमी

लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासासाठी पिशव्या घ्यायला गेलं की दोन जाती समोर येतात. एक गुळगुळीत, रबरी वाटणाऱ्या कापडाची, तोंड गुंडाळून बक्कल लावायची, आत एकच मोठा कप्पा असलेली. दुसरी जाड कॅनव्हासची किंवा नायलॉनची, वर झाकण, बाजूला खिसे, आणि पावसासाठी वेगळं रेनकव्हर. पहिली ‘वॉटरप्रूफ’, दुसरी ‘वॉटर रेझिस्टंट’, एवढं सांगून दुकानदार मोकळा होतो. पण पाणी अडवणारं कापड तर १८२३ पासून तयार होतं. मग पाणी अडवणारी सायकलची पिशवी सर्रास मिळायला १९८० चं दशक का उजाडावं लागलं? मधली दीडशे वर्षं बहुतेक सुईच्या भोकापायी गेली.

१८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळवलं, त्याचा लेप दोन कापडांच्या मध्ये दिला आणि पेटंट घेतलं. हे कापड पाणी अडवायचं, पण थंडीत ताठ व्हायचं आणि उन्हात चिकटायचं. रबर गंधकाबरोबर तापवलं की तो दोष जातो, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उमगलं; इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने थोड्याच वर्षांत तीच वाट धरली. कापडाचा प्रश्न तिथे सुटला, शिवणीचा नाही. मॅकिंटॉशच्या कापडाचे कोट शिवणाऱ्या शिंप्यांच्या हातून नकळत त्या कापडाला शेकडो छिद्रं पडत आणि गिऱ्हाईक भिजून परत येई. इंचाला सात-आठ टाके धरले, तरी दोन मीटर शिवण असलेल्या पिशवीला साधारण सहाशे भोकं पडतात. कापड कितीही चांगलं असो, पाऊस त्या सहाशे ठिकाणी चाचपडून बघतो.

सुरुवातीच्या सायकलस्वारांनी यावर फारसं डोकं चालवलं नाही, कारण त्यांच्याकडे भिजण्यासारखं सामानच थोडं होतं. थॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून पन्नास इंची पुढच्या चाकाची उंच सायकल घेऊन निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोहोचला. वाटेत त्याने लाहोर ते कलकत्ता हा टप्पाही ग्रँड ट्रंक रोडने सायकलवर केला. हँडलला बांधलेल्या पिशवीत मोजे, एक जादा शर्ट आणि एक रेनकोट. रेनकोट हाच तंबू आणि हेच अंथरूण. शिवाय एक पिस्तूल. इतकं कमी सामान असलं की पिशवीत पाणी शिरलं तरी माणूस सावरतो.

मुंबईहून १९२३ मध्ये निघून १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणाऱ्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या पारशी तरुणांच्या काळापर्यंतही पर्याय फार पुढे गेले नव्हते: चामडं, मेण लावलेलं सुती कापड, रबराचा लेप दिलेलं कापड. तिन्ही जड, आणि नायलॉनचा अजून पत्ता नव्हता.

पिशवीचा खरा विचार झाला तो इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये, आणि ते साहजिकही होतं. एकीकडे कापडगिरण्या, दुसरीकडे वर्षभर रिपरिपणारा पाऊस, आणि रविवारी सायकली काढून डोंगरांकडे सुटणारे गिरणीकामगार. नेल्सन गावात विल्फ कॅरडाइसने १९३२ मध्ये पिशव्या बनवायला घेतल्या. त्याच जिल्ह्यात १९४६ मध्ये पार्सन्स कुटुंबाने सुरू केलेला कॅरिमोरचा धंदासुद्धा सायकलच्या पिशव्यांपासूनच निघाला. ट्रेकिंगच्या सॅक नंतर आल्या.

कॅरडाइसची पिशवी आजही जवळजवळ तशीच बनते आणि ती हातात घेऊन बघण्यासारखी आहे. कापड म्हणजे दाट विणीचं, मेणवलेलं सुती डक, म्हणजे जाड कॅनव्हास. पावसाचे पहिले थेंब पडले की धागा पाणी पिऊन फुगतो आणि विणीतल्या फटी बुजतात. म्हणजे भिजल्यामुळेच कापड पाणी अडवतं. धागा सुती असेल तर टाक्याच्या भोकातही तेच घडतं. त्यावर वरचं झाकण लांब, खाली ओघळ सोडणारं, कौलारू छपराच्या पुढे आलेल्या वळचणीसारखं. पट्टे चामड्याचे. आत शिवणाऱ्या बाईची सही असलेलं लेबल. लँकेशायरच्या थंड रिमझिमीसाठी हे चोख आहे. आपल्याकडे मात्र दोन अडचणी येतात. मे महिन्याच्या उन्हात मेण पाघळतं आणि कपड्यांना लागतं, आणि पावसाळाभर ओलं राहिलेलं सुती कापड बुरशी धरतं. ज्या हवेत ही पिशवी जन्मली तिथे दोन सरींमध्ये ती वाळते. कोकणात जुलैत काहीच वाळत नाही.

१९७० च्या दशकात केंद्र अमेरिकेकडे सरकलं. कोलोराडोतल्या बोल्डरच्या हार्टली ॲली याने ‘टूरिंग सायक्लिस्ट’ या नावाने आकडा (हुक) आणि ताण देणाऱ्या स्प्रिंगवर कॅरियरला अडकणाऱ्या पिशव्या आणल्या. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला काढलेल्या ‘बाइकसेंटेनियल’ या सायकलयात्रेच्या निमित्ताने चार हजारांवर लोक ओरेगनपासून व्हर्जिनियापर्यंत आखलेल्या मार्गावर उतरले आणि सायकलच्या पिशव्यांना एकदम मोठी बाजारपेठ मिळाली. कापड आता नायलॉन होतं, आतून पॉलियुरेथेनचा लेप. वजन निम्म्यावर आलं, रंग भडक झाले, खिसे वाढले. पाण्याच्या बाबतीत मात्र हे कॅनव्हासच्या एक पाऊल मागे होतं. नायलॉनचा धागा फुगत नाही, त्यामुळे टाक्याची भोकं उघडीच राहतात, आणि चेन तर सरळ दरवाजाच.

त्या लेपाचं पुढे काय होतं हे आपल्यापैकी अनेकांनी घरीच पाहिलेलं असतं. माळ्यावर टाकलेली जुनी सॅक काढावी तर आतून पांढरे पापुद्रे सुटून हाताला चिकटतात आणि आंबूस वास येतो. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांना दमट उष्णतेत हवेतलंच पाणी हळूहळू तोडतं. अशी पिशवी न वापरताही मरते.

म्हणून रेनकव्हर आलं. बसच्या टपावरच्या सामानाला ते पुरतं, सायकलच्या पिशवीला अर्धंच. सायकलवर पाऊस वरून पडतो तेवढाच खालूनही उडतो. चाकातून उडालेलं पाणी पिशवीच्या कॅरियरकडच्या बाजूवर आपटतं, आणि आकडे तिथेच असल्याने कव्हरला नेमकी तीच बाजू उघडी ठेवावी लागते. त्यात घाटात वारा भरला की कव्हर फुग्यासारखं फुगतं, आणि आत आलेलं पाणी तळाशी साचून पिशवी त्या डबक्यात बसते. कव्हर वाईट म्हणून मी हे सांगत नाही. चिखल अडवायला ते उत्तमच. पण त्याच्या भरवशावर स्लीपिंग बॅग ठेवू नये.

कोंडी फुटली ती एका लॉरीमुळे. हार्टमुट ऑर्टलीब हा जर्मन तरुण १९८१ मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये सायकलवर होता. पाऊस चालू, पिशव्यांतलं सामान भिजलेलं, आणि शेजारून ताडपत्री ओढलेले ट्रक जात होते, आतला माल कोरडा. घरी परतल्यावर त्याने ट्रकच्या ताडपत्रीतूनच आईच्या शिलाई मशीनवर पिशव्या शिवल्या आणि १९८२ मध्ये कंपनी काढली. बव्हेरियातल्या हाइल्सब्रॉनमध्ये ती आजही पिशव्या बनवते.

पण ताडपत्री मशीनवर शिवली तर भोकं परत आलीच. गाडी पुढे गेली ती शिलाई मशीन बाजूला पडल्यावर. ट्रकची ताडपत्री म्हणजे पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर. मऊ, वाकणारं पीव्हीसी १९२६ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सीमनने करून दाखवलं होतं. या पदार्थाचा एक गुण असा की उच्च वारंवारितेच्या विद्युतक्षेत्रात त्याचे रेणू क्षेत्राबरोबर पुढे-मागे वळायची धडपड करतात आणि पदार्थ आतूनच तापतो. दोन तुकडे धातूच्या साच्यात दाबून सुमारे २७ मेगाहर्ट्झचं क्षेत्र दिलं की काही सेकंदांत लेप वितळून एकजीव होतो; यालाच वेल्डिंग म्हणतात. सुई नाही, दोरा नाही, भोक नाही. पॉलियुरेथेनलाही हे चालतं. पॉलिथिनला नाही, कारण त्याच्या रेणूंना त्या क्षेत्राची पकडच नसते. औद्योगिक वापरात हे तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आलं होतं. म्हणजे कापड आणि जोडणी दोन्ही अनेक वर्षं तयार होती, सायकलवाल्यांनी उचललेली नव्हती.

तोंडाचा प्रश्न उरला. तिथे नाविकांची आणि राफ्टिंगवाल्यांची जुनी रीत कामी आली: तोंड चपटं करायचं, तीन-चार घड्या गुंडाळायच्या, बक्कल लावायचं. पाण्याला आत जायचं तर प्रत्येक घडीला वळण घ्यावं लागतं. हे साधं वाटतं, पण त्यात एक अट आहे. पिशवी गळ्यापर्यंत कोंबली तर एकच घडी बसते आणि मग वॉटरप्रूफला अर्थ राहत नाही. त्यामुळे चाळीस लिटरची जोडी घेतली की पावसात ती थोडी कमीच धरायची.

या पिशव्यांवर बहुधा ‘आयपी ६४’ लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा पाण्याचा, ४ म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी चालेल. बुडवून ठेवायची परवानगी ७ पासून सुरू होते: एक मीटर पाण्यात अर्धा तास. ओढा ओलांडताना सायकल आडवी झाली तर ६४ ची पिशवी तिचं वचन मोडत नसते, तिने ते दिलेलंच नसतं. शिवाय बऱ्याच पिशव्यांचे कॅरियरला अडकवायचे हुक स्क्रूने बसवलेले असतात आणि ते स्क्रू पिशवीच्या भिंतीतून आत जातात. खडबडीत रस्त्याने एखादा ढिला होऊन पडला, तर वेल्डिंगने जे मिळवलं ते तिथे गेलं. दर काही दिवसांनी आत हात घालून ते आवळावेत.

वेल्डिंगने काढून घेतलेल्या गोष्टीही आहेत आणि जाहिराती त्यांच्याबद्दल गप्प असतात. खिसे गेले, कारण प्रत्येक खिसा म्हणजे नवा जोड. एकाच खोल पोटात पाना, औषधं, सदरा सगळं तळाला जातं. कॅनडातल्या क्वेबेकची आर्केल कंपनी १९८८ पासून नेमकी याच तक्रारीवर उभी राहिली: भरपूर कप्पे, कॉर्डुरा नावाचं मजबूत नायलॉन कापड, पावसाला कव्हर. पुढे त्यांनाही गुंडाळायच्या पिशव्या काढाव्या लागल्या. दुसरं नुकसान आपल्या हवेत जास्त जाणवतं. जी पिशवी पाणी आत येऊ देत नाही, ती बाहेरही जाऊ देत नाही. ताम्हिणी उतरून आलेला घामट, ओला टी-शर्ट सकाळी आत टाकला की संध्याकाळी सगळ्या कपड्यांना कुबट वास येतो. वेल्डेड पिशवी वापरणारे अनुभवी लोक ओले कपडे वर जाळीत अडकवतात किंवा एक पिशवी ‘ओली’ आणि एक ‘कोरडी’ अशी वाटणी करतात. मला दुसरी पद्धत जास्त पटते.

पीव्हीसीवर पर्यावरणाच्या अंगाने टीका वाढली, तसे टीपीयू (पॉलियुरेथेनचाच एक प्रकार) लेपाचे आणि पॉलियुरेथेनचा लेप दिलेल्या कॉर्डुराचे पर्याय आले. फाउडे या जर्मन कंपनीने पीव्हीसी नसणं हाच आपला मुद्दा केला. ही कापडं हलकी आणि थंडीतही मऊ असतात, किंमत जास्त. पीव्हीसी जड, स्वस्त, घासलं तरी तग धरणारं. ते थकतं ते घडीच्या रेषेवर. जुनी पिशवी घेताना तोंडाच्या गुंडाळीच्या जागी आणि तळाच्या कोपऱ्यांवर नख फिरवून बघावं, भेगा आधी तिथेच पडतात.

मधल्या काळात बाइकपॅकिंगने, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या हलक्या सामानाच्या प्रवासाने, कॅरियरच काढून टाकलं. अलास्कातल्या बर्फावरच्या शर्यती आणि अमेरिकेतला १९९० च्या दशकातला ग्रेट डिव्हाइड हा सायकलमार्ग इथून सीटखाली, फ्रेममध्ये आणि हँडलला बांधायच्या पिशव्या लोकप्रिय झाल्या. सुरुवातीच्या बहुतेक शिवलेल्याच होत्या. ऑर्टलीबनेही २०१६ मध्ये वेल्डेड बाइकपॅकिंग पिशव्या आणल्या. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांना त्या बऱ्या, पण सीटमागच्या पिशवीला मडगार्ड नसेल तर लाल चिखलाचा फवारा थेट तिच्या बुडावर बसतो. पुणे ते कन्याकुमारीसारख्या डांबरी प्रवासाला कॅरियर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या दोन पिशव्या (पॅनिअर) हाच माझ्या मते शहाणा बेत आहे.

तो करण्याआधी कॅरियरची नळी मोजावी. पिशवीचे हुक बहुधा १६ मिमी जाडीपर्यंतच्या नळीवर बसतात आणि बारीक नळीसाठी आत प्लास्टिकचे तुकडे घालायचे असतात. ते न घालता लावलेली पिशवी प्रत्येक खड्ड्यात खडखडते आणि महिन्याभरात कॅरियरचा रंग व स्वतःचा हुक दोन्ही खाते. दुरुस्तीचाही विचार आधीच करावा. पंक्चरचं सोल्युशन पीव्हीसीवर नीट धरत नाही. पण ट्रक-टेम्पोच्या ताडपत्र्या आणि हूड बनवणाऱ्यांकडे गरम हवेची गन असते, त्यांना पीव्हीसीवर पीव्हीसीचं ठिगळ लावता येतं आणि हायवेवरच्या बऱ्याच गावांत असं दुकान सापडतं. टीपीयूच्या पिशवीला टीपीयूचंच ठिगळ आणि वेगळा गोंद लागतो. तो घरूनच बरोबर न्यावा.