बटाट्याच्या बेण्यातील वाय विषाणू आणि त्याचा प्रकार सांगणारी चाचणी

बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी भागातील बटाटा, माळवे आणि तंबाखू उत्पादकांसाठी

बटाट्याच्या पानावरील फिकट-गडद चट्ट्यांवरून विषाणूचा संशय घेता येतो. मात्र तो विषाणू कोणता आणि त्याच्या कोणत्या प्रकारातला, हे अनुभवी डोळ्यालाही नेमके सांगता येत नाही. बेण्यातून पुढच्या पिकात जाणाऱ्या विषाणूंमध्ये बटाटा वाय विषाणू, म्हणजेच पीव्हीवाय, महत्त्वाचा आहे. तो टोमॅटो, मिरची आणि तंबाखूलाही लागतो, त्यामुळे बांधाला बांध लागून ही पिके असतील तर प्रश्न एका पिकापुरता राहत नाही.

या विषाणूच्या ‘ओ’ प्रकारात बटाट्याची पाने सहसा स्पष्टपणे चट्टेदार व सुरकुतलेली दिसतात, तर तंबाखूवर साधे चट्टेच येतात. ‘एन’ प्रकाराचे वागणे उलट असते: बटाट्यावरील लक्षणे अनेकदा इतकी सौम्य असतात की रोगट झाडे उपटताना ती नजरेतून सुटतात, पण तंबाखूच्या पानांच्या शिरा करपतात. ‘एनटीएन’ प्रकारामुळे काही वाणांच्या बटाट्यांवर करपट वलये उमटतात आणि साठवणीत ती वाढतात.

प्रतिद्रव्यांवर (विषाणूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांवर) आधारित एलायझा चाचणी स्वस्त असून मोठ्या संख्येने नमुने चाळण्यासाठी आम्ही आजही तीच सुचवतो. परंतु ती विषाणूचे केवळ बाह्य प्रथिन-आवरण ओळखते. दोन प्रकारांच्या जनुकीय भागांची सरमिसळ होऊन तयार झालेल्या ‘एन-विल्गा’ प्रकारात आवरण ‘ओ’ सारखे असते आणि तंबाखूच्या शिरा करपवण्याचा गुण मात्र ‘एन’ चा असतो. म्हणजे एलायझा त्याला ‘ओ’ ठरवते आणि शेजारच्या तंबाखूला त्याचा फटका बसतो. प्रकार ठरवण्यासाठी केवळ आवरणावर विसंबणे आम्हाला म्हणूनच मान्य नाही.

आरटी-पीसीआर चाचणीत पानातून आरएनए, म्हणजे या विषाणूचा जनुकीय धागा ज्याचा बनलेला असतो तो रेणू, वेगळा काढून त्याची डीएनए प्रत तयार केली जाते आणि निवडक भाग सुमारे 35 आवर्तनांत असंख्य पटींनी वाढवले जातात. या विषाणूचा जनुकीय धागा सुमारे 9,700 अक्षरांचा असतो. त्यावर एकाच ठिकाणी न पाहता अनेक ठिकाणी प्राइमर (ठरावीक जागी चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावल्यामुळे, सरमिसळीचे सांधे जिथे असतील त्यानुसार जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) वेगवेगळ्या लांबीच्या तुकड्यांचे पट्टे उमटतात, आणि त्या पट्ट्यांच्या संचावरून प्रकार ठरतो. ओळखीच्या कोणत्याही संचाशी ते जुळले नाहीत, तर अंदाज न बांधता तो नमुना अनुक्रम-वाचनासाठी, म्हणजे धाग्यावरील अक्षरे क्रमाने वाचण्यासाठी, पाठवणे योग्य ठरते. टोमॅटोच्या पर्णगुच्छाचा, म्हणजे बोकड्याचा, विषाणू डीएनएचा असल्याने त्याच्या चाचणीत आरएनएपासून प्रत करण्याची पायरी लागत नाही.

प्रत्येक तपासणीत निरोगी पान, निव्वळ पाणी आणि खात्रीचा बाधित नमुना सोबत चालवला जातो. निव्वळ पाण्याच्या चाचणीनळीत विषाणू नसायला हवा, म्हणून तिथे पट्टा दिसला तर संपूर्ण तपासणी रद्द होते. अहवालात ‘आढळला नाही’ असे असेल तर त्याचा अर्थ दिलेल्या नमुन्यात आढळला नाही एवढाच घ्यावा. दहा पोत्यांतले चार बटाटे तपासून साऱ्या बेण्याची हमी देता येत नाही.

अहवाल हातात आल्यावर औषधाची विचारणा होते. लागलेला विषाणू शेतात नष्ट करणारे कोणतेही फवारणीचे औषध नाही, मग डब्यावर काहीही छापलेले असो. मावा काही सेकंदांत हा विषाणू उचलतो आणि तितक्याच झटपट दुसऱ्या झाडात सोडतो, त्यामुळे कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. प्रकार कळल्याचा खरा उपयोग बेणे नाकारण्यासाठी, तंबाखूपासून अंतर ठेवण्यासाठी आणि वाण निवडण्यासाठी होतो.

नमुन्यासाठी शेंड्याकडील कोवळी पाने घ्यावीत, कुजलेली किंवा वाळलेली नकोत. ती कोरड्या कागदात गुंडाळून पिशवीत घालावीत आणि बर्फाच्या डब्यातून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावीत, कारण आरएनए लवकर तुटतो. बेणे तपासायचे असल्यास वेगवेगळ्या पोत्यांतले बटाटे आणावेत. सुप्तावस्थेतील बटाट्यात विषाणूचे प्रमाण कमी असू शकते, म्हणून कोंब फुटलेले असल्यास अधिक बरे. पिशवीवर वाण, गाव, लागवडीची तारीख आणि शेजारचे पीक लिहावे.